आमच्या घरचे आंबट डुबुकवडे

मागच्या महिन्यात ऑफिसमधल्या मैत्रिणींना इंदिरानगरच्या घरी जेवायला बोलावलं होतं. आईने हौसेने डुबुकवड्यांची आमटी केली... म्हणजे झणझणीत रश्शात बेसनाचे गोळे बोटांनी सोडायचे, वर तरंगायला लागले की झालं.

एक मैत्रीण दोनदा वाढून घेऊन म्हणाली, "काकू, आम्हीपण करतो, पण आंबट नाही करत कधी. हे कुठचं?" मला वाटलं, आई नेहमीचं उत्तर देईल आणि विषय संपेल.

नेहमीचं उत्तर असं की, ही आमटी मनमाडच्या सुमनताईंची. बाबा सातपूरला कंपनीत होते तेव्हा साळवेकाका त्यांच्याच शॉपमध्ये, म्हणजे कारखान्यातल्या त्याच विभागात होते, रोज मनमाडहून गाडीने यायचे. सुमनताई त्यांची बायको. दुपारी सगळे डबे मधोमध उघडायचे आणि कोणी स्वतःचा डबा खायचा नाही, ही तिथली पद्धत.

बाबांना ती आमटी इतकी आवडली की काकांनी थोडी बाबांच्याच डब्यात घालून दिली, "वहिनींना चव दाखवा" म्हणून. असं दोन-तीनदा झालं. बाबांना स्वयंपाकातलं ओ की ठो कळत नाही, त्यामुळे कृती विचारून यायचा प्रश्नच नव्हता. आईने नुसतं चाटून ओळखलं... तीळ भाजलेत, लसूण सढळ आहे, आणि चिंच!

तेव्हापासून आमच्याकडे ती तशीच होते. "जशीच्या तशी," असं आई छाती ठोकून सांगते. गंमत म्हणजे या दोघी एकमेकींना कधी भेटलेल्याच नव्हत्या.

त्या दिवशीही आईने हेच सांगितलं, पण मैत्रिणी गेल्यावर ती ताटं आवरत होती. मग म्हणाली, "एकदा त्यांना खाऊ घालायला पाहिजे गं. बरोबर जमलीय का, ते त्याच सांगतील."

साळवेकाका गेल्या वर्षी गेले. बाबांचं तेव्हा नुकतंच ऑपरेशन झालेलं, जाता आलं नव्हतं, ते त्यांना लागून राहिलं होतंच. कंपनीतल्या जुन्या लोकांच्या ग्रुपवरून नंबर मिळवला, फोन केला आणि रविवारी आम्ही तिघं निघालो.

आईने पहाटे उठून आमटी केली होती. मनमाड येईपर्यंत डबा मांडीवरून खाली ठेवला नाही. "मागे ठेव," म्हटलं तर माझ्याकडे असं बघितलं की मी मुकाट्याने गाडी चालवली. दहावीच्या रिझल्टला मीसुद्धा इतकी घाबरले नव्हते.

बाबा दारातच "जयभीम, वहिनी" म्हणाले आणि दोन्ही हात जोडले. भिंतीवर काकांचा फोटो होता, कंपनीच्या युनिफॉर्ममधला. सुमनकाकूंनी पाणी दिलं, बाबांच्या तब्येतीचं विचारलं, मग आम्ही जेवायला बसलो.

काकूंनी भाकरीचा तुकडा मोडला, आमटीत बुडवला, खाल्ला. आई त्यांच्या तोंडाकडे बघत होती. मीही.

"छान झालीय..." काकू म्हणाल्या. "पण ताई, ह्याच्यात आंबट काय घातलं?"

"चिंच. तुम्ही घालता ना?"

"नाय बा. डुबुकवड्यात कोण चिंच घालतं?"

आईचा चेहरा खर्रकन उतरला. बाबा लगेच मदतीला धावले, "अहो वहिनी, पण तुमची आंबटच असायची. दुपारचं नाही आठवत, पण घरी नेल्यावर मीसुद्धा चाखायचो ना." मग काकूंनी विचारलं, घरी कधी न्यायचात? बाबांनी निरागसपणे सगळं सांगितलं... दुपारी डबा भरायचा, लॉकरमध्ये ठेवायचा, वरचा पत्रा तापलेला, मग ओव्हरटाइम, मग सायकलने घरी.

"अहो भाऊ, म्हंजे आंबलेलीच की ती!" काकूंनी कपाळाला हात लावला. त्यांना हसू आवरेना, मलाही.

आई मात्र हसली नाही. "म्हणजे मी इतकी वर्षं खराब झालेल्या आमटीची नक्कल करत होते?" हे ती इतक्या हळू म्हणाली की माझं हसू जिथल्या तिथे थांबलं. फार वाईट वाटलं मला तिचं.

काकूंनी डबा पुढे ओढला आणि आणखी आमटी घेतली. मग भाकरीने ताट पुसून खाल्लं.

"ह्यांनी कधी सांगितलंच नाय," त्या फोटोकडे बघत म्हणाल्या. "रोज म्हणायचे, डबा पुरला नाय. मी आपली भाकरी वाढवत राहिले, आमटी वाढवत राहिले. मला वाटायचं, माणसाला लय भूक हाय." त्यांनी पदराने डोळे पुसले. "माझ्या हातचं कोणाच्या घरी इतकी वर्षं शिजतंय, हे मला आज कळतंय, ताई."

मग आई रडली. मग त्या दोघी एकमेकींचे हात धरून बसल्या आणि आम्ही बापलेक उगाचच बाहेर जाऊन गाडीचे टायर बघून आलो.

परत येताना आईने जाहीर केलं, की आता चिंच बंद, मूळ पद्धतीनेच करायची. बुधवारी तशी केलीसुद्धा. छान होती... पण बाबा पहिल्या घासाला थांबले आणि मी मीठ शोधत असल्याचं नाटक केलं. आईला कळायचं ते कळलं.

काल संध्याकाळी आईचा फोन वाजला. सुमनकाकू होत्या. मुलाला नि सुनेला ती आंबट आमटी खायचीय म्हणे... "ताई, चिंच किती घालता हो? रस्सा उकळताना का नंतर?"

आई अर्धा तास बोलत होती, शेजाऱ्यांनाही रेसिपी पाठ झाली असेल. साळवेकाकांनी आपल्या डब्यातलं काढून दिलं नसतं तर यातलं काहीच झालं नसतं, हे मला तेव्हा फार जाणवलं.

आता कोणी विचारलं, हे कुठचं, तर मी नीट सांगणार आहे... डुबुकवडे मनमाडच्या सुमनकाकूंचे, चिंच आईची आणि ओव्हरटाइम बाबांचा.