आधी मालकाला बसवा

वर जाणाऱ्या कुठल्याही वस्तूवर विश्वास न ठेवणारा माणूस अख्ख्या ग्वाल्हेरात एकच आहे, आणि तो माझ्या आत्याचा नवरा आहे. आम्ही त्यांना आतोबा म्हणतो. लिफ्ट, पतंग, शेअर बाजार, नव्या सुनेचं पहिल्या महिन्यातलं कौतुक, वर जाणारं सगळंच त्यांच्या मते पुरेशी तपासणी न करता सोडलेलं असतं. नया बाजारातल्या एका कापडाच्या दुकानाला लिफ्ट आहे. आतोबा अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी तिथे तीन जिने चढतात, आणि धापा टाकत वर पोचले की लिफ्टमधून आधीच येऊन साड्या बघत बसलेल्या आत्याकडे, ती लढाईवरून सुखरूप परत आल्यासारखं बघतात.

याला कारण त्यांची नोकरी. सरकारी बांधकाम खात्यात ते ओव्हरसियर होते, आणि आसपासच्या गावांतल्या जत्रांमध्ये येणारे आकाशपाळणे तपासून ‘चालवायला हरकत नाही’ असा कागद द्यायचं काम वर्षानुवर्षं त्यांच्याकडे होतं. पाळणेवाले त्यांना टरकून असत. नट, खिळा, साखळी, बैठकीचा दांडा, सगळं हाताने चाचपून झालं की आतोबा खिशातून पेन काढत आणि टोपण तसंच ठेवून म्हणत, “पहिले मालकाला बसवा.” मालक बसे. मग मालकाची बायको, मग मेहुणा. सगळं कुटुंब चार फेरे खाऊन पांढरंफटक होऊन उतरलं की सही मिळे. एका मालकाने सासूला बसवायला इतकी उत्सुकता दाखवली की आतोबांनी तो पाळणा पुन्हा पहिल्यापासून तपासला. ग्वाल्हेरच्या मेळ्यातली तपासणी त्यांच्याकडे नव्हती, तरी आम्हा मुलांना घेऊन गेले की ते पाळण्याखाली मान वर करून अर्धा अर्धा तास उभे राहत, आणि शेजारी आम्हीही. पाळण्यात बसायचं आमचं राहिलं ते राहिलंच. घरी येताना मात्र प्रत्येकाच्या हातात परातीएवढा पापड असे, त्यामुळे तक्रार कोणी करत नसे.

निवृत्तीनंतर पाळणे सुटले आणि बरीच वर्षं ते सुने सुनेच होते. मग पेपरात येऊ लागलं की परदेशात खासगी कंपन्या माणसांना तिकीट लावून अंतराळात पाठवणार आहेत आणि त्यांच्यात जोरदार चढाओढ लागली आहे. आतोबांच्या चेहऱ्यावर तेज आलं. दाल बाजारात तूरडाळ घ्यायला गेले तरी ते आधी हा विषय काढत. तिथले व्यापारी म्हणत, ये सब बड़े लोगों के शौक हैं, आणि डाळ तोलत. आतोबांचा आक्षेप श्रीमंतांच्या शौकाला नव्हताच, चढाओढीला होता. जत्रेत एकच पाळणा असला की मालक निवांत असतो, उद्या सही द्या म्हणतो. दोन पाळणे आले की दोघांनाही आजच्या आज सही हवी असते, असं त्यांनी उभ्या आयुष्यात पाहिलं होतं. पुढे एक परदेशी मालक खरोखरच स्वतःच्या यानात बसून, भावालाही घेऊन, दहा मिनिटांत वर जाऊन आला. आतोबांनी दोन दिवस ती बातमी पुन्हा पुन्हा वाचली. तिसऱ्या दिवशी म्हणाले, इतका वेळ तर पाळणाही फिरवतो. नंतर आठवड्याभरासाठी गेलेले दोघे अंतराळवीर यान बिघडल्याने कित्येक महिने वरच राहिल्याची बातमी आली, तेव्हा त्यांना आनंद वगैरे झाला नाही. जेवताना मधेच हात थांबवून ते आत्याला म्हणाले, “ते ठीक आहेत म्हणून त्यांच्या घरच्यांना कोणी रोज जाऊन सांगत असेल का?”

या सगळ्यातून पत्रं सुरू झाली. मी गोरखीजवळच्या एका संस्थेच्या कचेरीत लेखनिक होतो, त्यामुळे टायपिंग माझ्याकडे. जगातल्या प्रत्येक अंतराळ कंपनीच्या ‘मुख्य तपासनिसाला’ सविनय निवेदन जाई आणि त्यात तेच तीन प्रश्न असत. जोड तपासून सही कोण करतं? मालक सहकुटुंब आधी बसणार का? आणि ऐन वेळी ‘थांबा’ म्हणणाऱ्याला मालक घरी बसवू शकतो का? उत्तर एकाचंही आलं नाही. आतोबा म्हणत, जांच चालू असेल.

आता ऋचाचं सांगतो. ही माझ्या आतेभावाची मुलगी, आतोबांची एकुलती एक नात, त्यांच्याच मांडीवर बसून नट आणि बोल्ट यांतला फरक शिकलेली. इंजिनिअर झाली आणि दक्षिणेतल्या एका खासगी कंपनीत लागली. ही कंपनी रॉकेटं बनवते आणि पुढेमागे माणसंही पाठवू म्हणते. आजोबांना हे सांगायचं कसं? सगळ्या घराने मिळून सांगितलं की पोरगी सरकारी प्रयोगशाळेत आहे. आतोबा दर रविवारी फोनवर विचारत, सरकारीच ना? ती हो म्हणे आणि लगेच हवापाण्यावर येई. दीड वर्ष हे चाललं.

मग एके सकाळी त्यांनी त्याच कंपनीची बातमी पेपरातून कापून माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाले, घे लिहायला. मला नाही म्हणता यायला हवं होतं. पण मला ते कधीच कोणाला म्हणता आलेलं नाही. मी टाइप केलं, पाकिटावर पत्ता घातला आणि बाहेर येऊन ऋचाला फोन लावला. ती म्हणाली, “येऊ दे काका. तपासणीच्या टेबलवर मीच बसते. आणि आता मुझसे और झूठ नहीं बोला जाता.”

बारा-पंधरा दिवसांनी उत्तर आलं, आतोबांच्या आयुष्यातलं पहिलं. त्यांनी अंगात सदरा घालून ते फोडलं आणि आम्हा सगळ्यांसमोर मोठ्याने वाचायला सुरुवात केली. कंपनीचा कागद, पण आत हाताने लिहिलेलं मराठी. यानाच्या दरवाज्याचे जोड आमचा विभाग तपासतो, त्याखाली सही माझी असते. मालकांच्या सासूबाईंविषयी चौकशी करून कळवते. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर, हो, घरी बसवू शकतात. आजोबा, मी खोटं बोलले, मला माफ करा. तुमची ऋचा.

शेवटच्या दोन ओळी त्यांनी मनात वाचल्या, त्या मला नंतर ऋचाकडून कळल्या. कागदाची घडी घालून सदऱ्याच्या खिशात ठेवली आणि आत जाऊन पडले. दोन दिवस पेपर उघडला नाही, रविवारचा फोन घेतला नाही. दिवाळीचं तिकीट काढू की नको, असं ऋचा मला रडवेल्या आवाजात विचारत होती. आत्याने तर त्यांच्याशी भांडून पाहिलं. ते भांडलेही नाहीत, आणि त्याची आम्हाला जास्त भीती वाटली.

तिसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी मला बोलावलं. “बैस. टाइप नको, हाताने लिही,” म्हणाले, आणि सांगू लागले. पन्नास वर्षांपूर्वी एका गावच्या जत्रेत पाळण्याच्या आसाची खीळ झिजलेली त्यांना दिसली होती. बदलायला एक दिवस लागला असता. त्यांच्या खात्याच्या साहेबांची मुलं बैठकीत बसूनही झाली होती, साहेब घड्याळ बघत होते. आतोबांची नोकरी नवी, घरी माझा आतेभाऊ तीन महिन्यांचा. त्यांनी सही केली. मालकाला बसवायचंही सुचलं नाही. मग जत्रा उठेपर्यंत ते त्या पाळण्याखाली उभे राहिले. काहीच झालं नाही. काहीच झालं नाही म्हणून हे कोणाला सांगायची कधी वेळच आली नाही, असं ते म्हणाले. आत्या दारात उभी होती. तिलाही हे पहिल्यांदाच कळत होतं.

मग त्यांनी शेवटचं सांगितलं, आणि मी शब्दही न बदलता लिहिलं: “त्या दिवशी माझी हिंमत नाही झाली. मी तर सरकारीच होतो, तरी नाही झाली. तुला शंका आली तर तू थांबा म्हण. मग कोणी कितीही मोठा असो. नोकरी गेली तर घरी ये. का आलीस म्हणून इथे तुला कोणी नाही विचारणार.”

पत्र टाकायला मीच गेलो. पेटीपाशी पोचलो आणि पाकीट हातात धरून उभा राहिलो. एकतीस वर्षं मी त्या कचेरीत पुढ्यात आलेल्या प्रत्येक कागदावर मान डोलावली होती, नको तिथेही. नोकरीवर हजर व्हायला निघालो तेव्हा घरच्यांनी पुष्कळ सूचना दिल्या होत्या, त्यांत ‘थांबा म्हण, नोकरी गेली तर घरी ये’ ही नव्हती. मला त्या मुलीचा फार हेवा वाटला. मग पाकीट आत सोडलं, ते तळाशी पडल्याचा आवाज ऐकला आणि तिला फोन करून सांगितलं की तिकीट काढ.