टेगार्टचे तीन सदरे

ऑर्विल टेगार्ट सकाळी स्टुडिओत आला की आधी कॉफी घेत नसे, संवादांचे कागदही मागत नसे. सरळ माझ्या कपडेपटाच्या खोलीत यायचा आणि दांडीवर टांगलेले स्वतःचे सदरे मोजायचा.

एक असला तर तो आठवडाभर जिवंत. तीन असले तर मेला. गोळी लागायच्या प्रसंगात सदरा फाटतो, रक्त म्हणून लावलेल्या चॉकलेटच्या पाकाने बरबटतो आणि दिग्दर्शकाला तेच पुन्हा हवं असतं. त्यासाठी आणखी दोन कोरे तयार ठेवावे लागतात.

हे त्याला मी शिकवलं नव्हतं. घोड्यावर बसता येतं एवढ्याच भांडवलावर तो नेब्रास्कातल्या बिटाच्या शेतातून हॉलिवूडला आला आणि पंधरा वर्षांत चाळीसेक चित्रपटांत मेला. छपरावरून, घोड्यावरून, एकदा तर जेवता जेवता. मरण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. मग छप्पन साली त्याला टीव्हीवरच्या मालिकेत शेरीफच्या मदतनिसाचं काम मिळालं. दर आठवड्याला जिवंत राहायचं काम. तेव्हापासून बिचाऱ्याची झोप उडाली.

निर्माता गोड बोलला तरी त्याला संशय यायचा.

"आज त्याने माझ्या लेकीची चौकशी केली, व्हेल्मा. चार वर्षांत कधी केली होती?"

"माणूस आहे, करेल की."

"निर्माता आहे तो."

विश्वास काय तो माझ्यावर. "तुझी सुई खोटं बोलत नाही," म्हणायचा.

चौथ्या वर्षी एका सोमवारी मला वरून चिठ्ठी आली. टेगार्ट, सदरे तीन, कोणाला सांगू नये. मी एक टांगला आणि दोन इस्त्रीच्या टोपलीत तळाशी कोंबले. कीव आली म्हणून, असं मी पुढे सगळ्यांना सांगत आले. खरं म्हणजे त्याच्या रोजच्या मोजणीचा मला वीट आला होता.

ऑर्विल आला. मोजलं, पुन्हा मोजलं. शेजारच्या स्टुडिओने त्याला नव्या मालिकेसाठी विचारलं होतं आणि त्यांना दुपारच्या आत उत्तर हवं होतं.

"काय करू गं?"

"मला काय विचारतोस? तुझं तू बघ."

तो त्या एका सदऱ्याकडे बघत राहिला. मग माझ्याच टेबलावरचा फोन उचलून त्याने त्यांना नाही म्हणून सांगितलं. मी तोंडात टाचण्या धरून बसले होते. त्या काढायला कितीसा वेळ लागला असता?

बुधवारी कागद आले. शेवटच्या पानावर तो मेला होता. तो शिव्या घालेल अशा तयारीने मी बसले होते, पण दारातूनच त्याने शांतपणे विचारलं, "बाकीचे दोन कुठे आहेत?"

मी टोपलीतून काढून दिले. त्याने तिन्ही मोजले, एक अंगात घातला आणि मला छातीवर गोळीची खूण करता यावी म्हणून हात वर करून उभा राहिला. मी टाचणी घेऊन जवळ गेले.

"जपून," तो म्हणाला. चार वर्षांत हे त्याने मला पहिल्यांदाच सांगितलं.