किल्ली देण्याआधी

उस्तादांकडे मोटरसायकल शिकायला गेलेल्या माणसाला पहिले आठ दिवस किक मारायला मिळत नसे. वडीगोद्रीच्या रस्त्यालगतच्या त्यांच्या गॅरेजपासून बाजाराच्या मैदानापर्यंत गाडी ढकलत न्यायची, तिथे ती हळूच आडवी करायची, एकट्याने उचलून उभी करायची आणि ढकलतच परत आणायची. नव्वदच्या आसपास मी तिथल्या जनावरांच्या दवाखान्यात ड्रेसर म्हणून लागलो, गावोगाव फिरायचं म्हणून एक जुनी गाडी घेतली आणि या माणसाच्या तावडीत सापडलो. अख्खा बाजार हसायचा. ज्यांच्या म्हशींना मी मलम लावलं होतं, तेही विचारायचे, "बंद पडली का डॉक्टर?" उस्ताद त्यांच्याकडे ढुंकूनही बघत नसत. मला म्हणायचे, "हसू द्या. जी उचलता येत न्हाई, ती चालवायची कशाला?"

नवव्या दिवशी किक मिळाली, पण शिकवणी सुरू झाली ती थांबण्याची. मैदानात चुन्याची रेघ मारून उस्ताद स्वतः रेघेपलीकडे हाताची घडी घालून उभे राहायचे. जाडजूड माणूस, ऑइलने काळा पडलेला सदरा, डोळे माझ्या पंजावर. "पळवायला कुणालाबी येते. थांबून दाखवा." एकदा माझी गाडी रेघ ओलांडून त्यांच्या गुडघ्याला जाऊन टेकली. ते जागचे हलले नाहीत, मलाच घाम फुटला. शांतपणे म्हणाले, "पुढचा ब्रेक एकदम दाबला तुम्ही. खडीवर असा दाबला असता तर दवाखान्यात गेले असते डॉक्टर, तेबी माणसांच्या."

अंगावर सैल लोंबणारं काही त्यांना खपत नसे. पायजमा घालून आलेल्या माणसाच्या घोट्याला ते जुन्या ट्यूबचं रबर बांधायचे आणि मगच गाडीवर बसू द्यायचे. रस्त्याने जाणाऱ्या परक्या माणसांनाही सोडत नसत. नवऱ्याच्या मागे बसलेली बाई दिसली की गॅरेजमधून हाक जायची, "ताई, पदर खोचा! चाकात जाईल!" बाई ओशाळायची, नवरा डोळे वटारायचा. मला या ओरडण्याची लाज वाटायची, हे कबूल करतो.

त्या काळात आमच्याकडे हेल्मेट कुणी पाहिलंही नव्हतं. उस्तादांनी म्हणून अकलेचंच हेल्मेट केलं होतं. शहागडकडे उसाच्या बैलगाड्या दिव्याशिवाय चालतात, तेव्हा दिवस कलला की गाडी उभी करायची. हंगामात लोक तूर रस्त्यावर पसरतात, येणाऱ्याजाणाऱ्या चाकांखाली फुकटात मळणी होते. तिथे ब्रेकला हात लावायचा नाही, आधीच हळू व्हायचं आणि सरळ पार जायचं. आणि पहिले तीन महिने मागे कुणाला बसवायचं नाही. "मागं माणूस बसला का गाडी दुसरीच होते. तुम्ही शिकलेली ती गाडी न्हाई राहत."

लग्नात जावयाला मोटरसायकल द्यायची पद्धत तेव्हा जोरात होती. मांडवाच्या दारात हार घातलेली नवी गाडी उभी असायची. नवरदेवाला ती चालवता येते का, असं विचारणं म्हणजे त्याचा अपमान. उस्ताद तेच विचारायचे, तेही वऱ्हाडासमोर. हळूहळू त्यांना लग्नाची आमंत्रणं यायची कमी झाली.

मग त्यांच्या सुमनचं लग्न ठरलं. एकुलती एक पोर, बापासारखीच ठाम बोलणारी. स्थळ वाटूरकडचं, शेतीवाडीचं. त्यांनीही गाडी मागितली. उस्तादांनी गाडी दिली, आणि किल्ली आपल्या खिशात ठेवली. "महिनाभर जावईबापू माझ्याकडं येतील, बराबर शिकतील, मंग किल्ली."

मुलाचा मामा उसळला. "गाडी दिली का नुसती दाखवली?" पंगतीतली माणसं ताटावरून उठायच्या बेतात आली. सुमन मान खाली घालून बसली होती. तेव्हा मी शहाणपणा केला. उस्तादांच्या कानाशी लागून म्हणालो, "देऊन टाका. तिला त्यांच्याच घरात राहायचंय." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. किल्ली काढली, पण जावयाला द्यायला त्यांचा हात पुढे होईना. ती त्यांनी माझ्या तळहातावर ठेवली आणि मी नेऊन दिली. उस्ताद जावयाला एवढंच म्हणाले, "बापू, तीन महिने मागं कुणाला बसवू नका."

"न्हाई बसवणार," तो म्हणाला. पोरगा वाईट नव्हता.

तीन आठवड्यांनी तो सुमनला मागे बसवून वडीगोद्रीला निघाला. आपल्याला गाडी येते हे सासऱ्याला दाखवायचं होतं. वाटेत एका गावाजवळ रस्त्यावर तूर पसरलेली होती. तो बिचकला आणि त्याने पुढचा ब्रेक दाबला. त्याचा पाय मोडला. सुमन रस्त्याकडेच्या दगडांवर पडली; दवाखाना गाठेपर्यंत ती राहिली नाही. निरोप आला तेव्हा मी गॅरेजमध्येच होतो. उस्ताद कुणाची तरी चेन बसवत होते. "मागं बसली होती?" एवढंच त्यांनी विचारलं.

तेराव्यानंतर मी त्यांची माफी मागितली. म्हणाले, "किल्ली माझ्या खिशात होती डॉक्टर, तुमच्या न्हाई." त्यांनी मला मोकळं केलं. मी काही मोकळा झालो नाही, आजही नाही.

वर्ष उलटायच्या आत त्याच मुलाचं दुसरं लग्न ठरल्याची बातमी आली. मोडकी गाडी दुरुस्त करून घेतल्याचंही कळलं. दुसऱ्या दिवशी उस्ताद दवाखान्यात आले. "रजा टाका. त्या पोरीच्या बापाला भेटून येऊ." परतूर तालुक्यातलं गाव होतं, अंबडला एसटी बदलून गेलो. घर साधं, माणसं भली. पाणी आलं, चहा आला. उस्ताद पायरीवरच बसले आणि म्हणाले, "सोयरीक मोडायला आलो न्हाई. पोरगा चांगला आहे. फक्त गाडी येत न्हाई त्याला. तुमच्या लेकीला मागं बसू देऊ नका. त्याला माझ्याकडं धाडा, मी शिकवतो."

ज्याच्या हातून आपली पोर गेली, त्याला शिकवायला ते तयार होते. मला त्यांच्याकडे बघवेना.

मुलीच्या बापाने हात जोडले. "तुमच्यावर काय बेतलं ते ऐकलंय आम्ही. पण पाहुणे, मी मुलीचा बाप. व्याह्याला हे कोणत्या तोंडानं सांगू? मांडवात पोरीचा खोळंबा होईल."

उस्तादांनी चहा संपवला, कप नीट बाजूला ठेवला आणि उठले. फाट्यावर आम्ही तासभर एसटीची वाट बघत उभे होतो. मी त्या माणसाला भित्रा म्हणालो, आणखीही काही बोललो. उस्ताद म्हणाले, "त्यांना बोलू नका. मी कुठं वेगळा निघालो?"

त्यानंतर त्यांनी कुणालाही शिकवलं नाही. पुढच्याच आठवड्यात शाळेतले एक मास्तर नवी कोरी गाडी घेऊन आले. आठ दिवस ढकलायलाही तयार होते. उस्तादांनी फडक्याला हात पुसले, गाडीभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाले, "मास्तर, मला शिकवता येत न्हाई."