रामटेके मॅडमचा न समजणारा सिनेमा

रामटेके मॅडम विनोद करताना हसत नसत, आणि एरवीही हसत नसत. त्यामुळे त्या केव्हा गंमत करताहेत, हे आमच्या कक्षात कोणालाच कळत नसे. नवा रायपूर या नव्यानं वसवलेल्या राजधानीतल्या सरकारी कार्यालयात कंत्राटी कम्प्युटर ऑपरेटर म्हणून मी रुजू झालो, त्या दिवशी जिन्यांच्या घोळात चुकून भलत्याच विभागात जाऊन अर्धी सकाळ बसून राहिलो. शेवटी मॅडम शोधत आल्या आणि तिथल्या बाबूंना गंभीरपणे म्हणाल्या, "हे पोट्टं आमचं हाय. तुमचं काम शिकून झालं असंन त घेऊन जातो." ते बाबू हसले. मी मात्र खरोखरच काय काय शिकलो ते आठवू लागलो.

मी आमगावच्या मराठी शाळेत शिकलेला, घरातला पहिला पदवीधर. हिंदीत टिपणी कशी मांडायची, साहेबांपुढे कुठं बोलायचं आणि कुठं गप्प बसायचं, हे मला मॅडमनी शिकवलं. दुपारी स्वतःच्या डब्यातली भाजी त्या न विचारता माझ्या झाकणात वाढत. जेवताना घरचं बोलत, तेही फाइल वाचावी तशा आवाजात. आई गेल्यापासून त्यांचे वडील बोलेनासे झाले होते. रेल्वेत गार्ड होते बाबा, उभा जन्म गाडीच्या शेवटच्या डब्यात काढलेला. डॉक्टर म्हणत कान ठीक, जीभ ठीक. पण काही विचारलं की 'हव', म्हणजे हो, एवढंच. मॅडम एकदा म्हणाल्या, "मले त्यायच्या तोंडून एक पुरं वाक्य पाह्यजे. कायचंही असो."

त्यानंतर थोड्याच दिवसांनी कर्मचाऱ्यांच्या स्नेहसंमेलनाचं परिपत्रक निघालं आणि मॅडमनी जाहीर केलं की आपला कक्ष नाच-गाणं करणार नाही, सिनेमा काढणार. पंधरा-वीस मिनिटांचा, काळा-पांढरा. मी गुप्तहेर. शेजारच्या कक्षातल्या स्टेनो किरण दीदी म्हणजे गुप्तहेराला फसवणारी सुंदर बाई. आमच्या कम्प्युटर शाखेतला एक हुशार मुलगा म्हणाला, असल्या सिनेमांना फिल्म नॉयर म्हणतात, त्यात सगळं अंधारात घडतं, पाऊस पडत असतो आणि शेवटी कोणाचंच भलं होत नाही. मॅडम त्या सिनेमांची टिंगल करताहेत, असंही तो म्हणाला. मी मॅडमना विचारलं, आपण टिंगल करतोय का? त्या म्हणाल्या, "तू नको करू. तू सीधा उभा राह्य."

मी सरळ उभा राहिलो. हॅट कोणीतरी आणली. लांब कोट मिळेना, म्हणून मॅडमच्या ओळखीतल्या एका वकिलाचा काळा कोट घेतला. मे महिना होता. मीटिंगच्या खोलीच्या काचांना फाइली गुंडाळायचे लाल कापडी बस्ते बांधून भर दुपारी रात्र केली. सिगारेट ओढायला इमारतीत मनाई, तेव्हा धुरासाठी टेबलाखाली उदबत्त्यांचा जुडगा पेटवला. पडद्यावर तो धूर भयानक दिसला, पण खोलीत कोणाची तरी पूजा चालल्यासारखं वाटत होतं. खून कोणाचा झाला, हे मला तेव्हाही माहीत नव्हतं. विचारलं की मॅडम म्हणायच्या, "समजून काय करतं? चाल."

पाठलागाचा प्रसंग बाहेरच्या रस्त्यावर घेतला. तो रस्ता एवढा रुंद आणि रिकामा की दूरवर कुत्रं दिसलं तरी ओळखता यावं. लपायला आडोसा म्हणून फक्त लोखंडी जाळ्यांतली गुडघ्याएवढी रोपं. मॅडमनी मला त्यातल्या एका रोपामागे लपायला सांगितलं. मी लपलो, म्हणजे त्याच्यामागे उभा राहिलो. तेवढ्यात जवळच्या गावातला, या शहरासाठी घेतलेल्या जमिनीची भरपाई न मिळालेला एक म्हातारा सायकलवरून उतरला आणि माझा कोट बघून म्हणाला, "वकील साहेब, हमर जमीन के मुआवजा कब मिलही?" मी हिंदीत म्हणालो की मी वकील नाही, जासूस आहे. म्हाताऱ्याला ते आणखीच बरं वाटलं. म्हणाला, "तब तो अउ बने हे. पता लगा के बता." मॅडमनी कॅमेरा थांबवू दिला नाही. तो म्हातारा सिनेमात तसाच राहिला.

पुढे किरण दीदी बसथांब्यावर उभी, मी तिच्या पाळतीवर. खरी बस काही येईना. आमच्याकडे रिवाज असा, की थांब्यावर कोणी उन्हात दिसलं तर गाडीवाला विचारल्याशिवाय पुढं जात नाही. आमच्याच कार्यालयातल्या एका ड्रायव्हरनं जीप थांबवून दोघांनाही बसवलं, आणि गुप्तहेर व संशयित बाई शेजारी शेजारी बसून निघून गेले. मी म्हटलं, मॅडम, हे पुन्हा घ्यावं लागेल. त्या म्हणाल्या, "काहून? जाऊ दे ना घरी."

शेवटच्या प्रसंगात अंधारी खोली, किरण दीदीच्या हातात पिस्तूल, माझ्या कपाळावर घाम, तो मात्र खरा. स्वतः मॅडम आत येतात, बटण दाबून ट्यूबलाइट लावतात, आणि सगळे ओशाळून चहा प्यायला बसतात. संपलं. खुनी कोण ते शेवटपर्यंत नाही.

संमेलनाच्या दुपारी मॅडम बाबांना घेऊन आल्या. इस्त्रीचा पांढरा सदरा, हातात काठी. मी त्यांच्या मागच्या रांगेत बसलो. साहेबांनी विचारलं, कसं काय आजोबा? "हव." सिनेमा सुरू झाला. मी रोपामागे उभा राहिलो तेव्हा सभागृह हसायला लागलं. मी पडद्याकडे कमी आणि बाबांच्या पाठीकडे जास्त बघत होतो. ते हलले नाहीत. जीप आली, गेली, तरी नाही. मॅडमनी दोन्ही हातांनी पर्सचा पट्टा घट्ट धरला होता.

मग पडद्यावर किरण दीदीच्या हातात पिस्तूल आलं आणि बाबा मॅडमच्या कानाकडे झुकले.

"हा काळा कोटवाला हाय ना, हा त्या बाईचा भाऊ हाय. मेळ्यात हरवला होता."

मॅडमनी मान वळवली नाही. हळूच म्हणाल्या, "मग?"

"मग काय. तिले माहीत हाय, याले माहीत नाही. म्हनून ते पिस्तूल घेऊन फिरून राह्यली. पाह्य आता."

ते बोलतच राहिले. आजूबाजूचे दोघं-तिघं पडदा सोडून त्यांचंच ऐकू लागले. सिनेमात असं काहीही नव्हतं.

नंतर बाहेर व्हरांड्यात मी मॅडमना विचारलं, हे कसं? त्या म्हणाल्या, लहानपणी बाबा त्यांना रेल्वेच्या इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे कर्मचाऱ्यांच्या क्लबात, असलेच इंग्रजी सिनेमे दाखवायला नेत. बाबांना इंग्रजीचा गंध नाही. पण पोरीला समजत नाही म्हणून कानात अख्खी गोष्ट सांगत, दर वेळी मनानं रचून. त्यातली एकही खरी नव्हती, हे मॅडमना मोठेपणी कळलं. "कोनाले समजनारच नाही असं पिक्चर पाह्यजे होतं मले," त्या म्हणाल्या. "समजलं असतं त बाबायनं काय सांगतलं असतं?" आणि त्यांनी डोळे पुसले, हसल्यासारखं करत. की खरंच हसल्या, ते मला सांगता येणार नाही.

बाबा त्या हिवाळ्यात गेले. तोवर चांगले बोलत होते म्हणे. मॅडम निवृत्त होऊन नागपूरला भावाकडे राहायला गेल्या, आणि मागच्या वर्षी तिथंच वारल्या. बातमी कळली तेव्हा मी सुट्टीत आमगावला होतो. आईला मोबाइलवर तो सिनेमा लावून दिला. माझी आई शाळेत गेलेली नाही. तिनं पडद्यावर बोट ठेवून विचारलं, "हा तूच ना रे? इथं काहून उभा हायेस?"

मी तिच्याजवळ सरकून बसलो आणि म्हणालो, "मी त्या बाईचा भाऊ आहे, आई. मेळ्यात हरवलेला."

"मग?" आई म्हणाली.

मग मी पुढचं सांगू लागलो.