व्हर्जिनियातलं घर

आमच्या शेजारी एक अमेरिकन आजोबा राहतात. घरी येणाऱ्या प्रत्येकाला ते दिवाणखान्यातला जुना लिथोग्राफ, म्हणजे शिळाछापाचं चित्र, दाखवतात. त्यात त्यांच्या पूर्वजांचं व्हर्जिनियातलं घर आहे. विटांच्या रेषा किती नाजूक छापल्यात, हे सांगताना त्यांचा आवाज हळू होतो, जणू घरात कुणी झोपलंय.

पुण्याहून आलेल्या आईने चित्र मनापासून न्याहाळलं.

"सुरेख आहे गं. पण मागच्या या झोपड्यांत कोण राहायचं?"

मी संकोचतच तिचा प्रश्न इंग्रजीत सांगितला. आजोबांचे कान लाल झाले.

"गुलाम," ते म्हणाले. "आमच्या मालकीचे."

आई पुन्हा त्या झोपड्यांकडे पाहू लागली.

"ती माणसं कोण होती, हे माझ्या आजीला ठाऊक असणार. मी कधी विचारलंच नाही," असं म्हणून ते खाली मान घालून चष्मा पुसत राहिले.