रिकामी वाटी

एम.ए.ला आमच्या बाईंचा नियम होता. शोधनिबंध वाचला की तीन उत्तरं लिहून आणायची: तो कुणासाठी लिहिलाय, कशासाठी लिहिलाय आणि त्याने काय फरक पडतो. पहिलाच निबंध निघाला चाळीतल्या बायका शेजारी खाऊच्या वाट्या का पोचवतात यावर. मी दहिसरच्या चाळीत वाढलेली, तरी त्या जडजंबाल इंग्रजीत मला माझीच चाळ ओळखता येईना. शेवटी वैतागून मी तो मेथी निवडत बसलेल्या आईला मराठीत सांगितला.

"शेजारणीची वाटी रिकामी परत करू नये, एवढंच ना?" ती म्हणाली. "हे आम्हाला माहितीये. म्हणजे आमच्यासाठी नाही लिहिलेलं."

"मग त्या लेखिकेने कशासाठी लिहिलं असेल गं?"

"नावाआधी डॉक्टर लावायचं असेल तिला."

दोन उत्तरं झाली. तिसऱ्याला आईनेच मला विचारलं, "ही बाई त्या बायकांकडे जेवली का?"

आभाराच्या पानावर होतं, वर्षभर जेवली होती.

"आणि लिहिलेलं त्यांना वाचून दाखवलं?"

तसं कुठेच नव्हतं.

"म्हणजे वाटी रिकामीच परत केली," आई म्हणाली.

मी ते तसंच्या तसं उतरवून दिलं. बाईंनी भर वर्गात वाचून दाखवलं आणि माझं कौतुक केलं. घरी येऊन मी आईला ऐटीत सगळं सांगितलं.

"माझं नाव घातलंस त्यात?" तिने विचारलं.

मी गुपचूप खाली बसले आणि तिच्या पुढ्यातली अर्धी भाजी निवडायला ओढून घेतली.