‘पएर’ या शब्दाचा अर्थ

पत्नी गेल्यावर मी पुन्हा कामाला लागलो, पण एका जागी बसवेना. मी हिब्रू शिकवतो. पवित्र शास्त्रातल्या शब्दांचा मराठी कोश आम्ही काही जण करत होतो आणि माझ्याकडे तेव्हा ‘पएर’ हा शब्द होता. याजकाच्या डोक्यावरचे तलम तागाचे वेष्टन म्हणजे पएर. नटलेल्या नवरदेवाच्या डोक्यावरचेही तेच. मूळ धातूत शोभेचा अर्थ आहे. ‘मुकुट’ लिहिले, खोडले. ‘शिरोभूषण’ लिहिले. उठून खिडकी लावली, पुन्हा उघडली. पुढचा संदर्भ मी टाळत होतो. तिथे एका संदेष्ट्याची बायको संध्याकाळी मरते. त्याला देवाने आधीच बजावलेले असते, की रडायचे नाही, पएर बांधायचे, जोडे घालायचे. तिथे शिरोभूषण चालत नाही. रोजचे पागोटेच हवे, आणि तेवढेच माझ्याने लिहवत नव्हते.

तेराव्या दिवशी विश्रांतवाडीहून मेव्हणा आला. मी ख्रिस्ती, पत्नीचे माहेर शेती करणाऱ्या हिंदू कुटुंबातले. त्याने पिशवीतून पांढरे कापड काढले. जावयाच्या डोक्याला सासरच्यांनी पागोटे बांधले की दुखवटा संपला, अशी त्यांची रीत.

“आमच्यात असं नसतं,” मी म्हणालो.

“ठाऊक हाय, दाजी. लग्नातबी हेच म्हणला होता. बांधलाच की फेटा.”

“आज नको. बांधलं की ती गेली, असं होईल.”

“तुमच्या एकट्याचीच गेली व्हय? तुमचं डोकं उघडं हाय तवर आई गोडाला शिवायची न्हाई. बिनसाखरेचा च्या पितीय. तुम्ही शब्द बघा निवांत. म्हातारी थांबलीय.”

मी खुर्ची ओढून त्याच्यापुढे बसलो. पहिला वेढा कानावर घट्ट बसला. त्याने सोडला, पुन्हा बांधला. शेवटचे टोक खोचताना त्याचे हात थांबले. माझ्या खांद्यावर कपाळ टेकून तो रडू लागला, इतक्या दिवसांत पहिल्यांदा. शास्त्रातल्या त्या माणसाने ते बांधायचे होते ते रडू नये म्हणून. इथे बांधून होईपर्यंत हा थांबला होता.

मला बसवेना. उठायला गेलो.

“हलू नका, दाजी,” तो म्हणाला, “सुटंल.”

मी तसाच बसून राहिलो.